नोक्वेबे सरोवराचा काठ : भूखंड, भराव आणि एका कौंटीचा नियम

तलावाकाठची जमीन विकायला निघाली की तिचे मोल एकरांवर कमी आणि पाण्याला लागून असलेल्या फुटांवर अधिक ठरते. म्हणून अशी जमीन बहुधा काठाला काटकोनात, मागे लांबवर जाणाऱ्या पट्ट्यांत कापली जाते, म्हणजे प्रत्येक खरेदीदाराच्या वाट्याला थोडे तरी पाणी येते. मोजणीच्या नकाशावर रेघा ओढल्या जातात त्या दिवशी तलावाला काहीच होत नाही. मात्र प्रत्येक रेघेमागून एक घर, एक रस्ता, एक शोषखड्डा आणि बहुतेक वेळा एक भराव येणार हे ठरलेले असते, आणि तो भराव पडू लागल्यावर नियम शोधायला निघणाऱ्या प्रशासनाच्या हाती दंडाखेरीज फारसे काही उरत नाही. पाणथळ काठावरील भूखंडांचे नियमन कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या मापाने करावे, हे समजून घ्यायला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातले ‘जस्ट विरुद्ध मॅरिनेट कौंटी’ हे १९७२ चे प्रकरण आजही अतिशय उपयुक्त आहे. निकालातील एका तत्त्ववाक्यासाठी ते जगभर उद्धृत होते. माझ्या मते त्या वाक्यापेक्षा त्यामागची साधी प्रशासकीय रचना अधिक शिकवणारी आहे, आणि या लेखात भर तिच्यावरच आहे.

जमीन आणि तिची विक्री

विस्कॉन्सिन हे हिमनद्यांनी कोरलेल्या सरोवरांचे राज्य आहे. तेथे लहानमोठी सुमारे १५,००० सरोवरे आहेत. युरोपीय वसाहतीपूर्वी तेथे अंदाजे एक कोटी एकर पाणथळ जमीन होती. शेतीसाठी चर खणून पाणी काढून दिल्यामुळे आणि भरावांमुळे त्यातील जवळपास निम्मी नाहीशी झाली. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील मॅरिनेट कौंटीत नोक्वेबे नावाचे सुमारे २,४०० एकरांचे सरोवर आहे. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि नियम करण्याचा अधिकार असलेला.

एप्रिल १९६१ मध्ये जस्ट आडनावाच्या एका दांपत्याने या सरोवराच्या दक्षिण काठावर ३६.४ एकर जमीन विकत घेतली. तिला पाण्यालगत १,२६६.७ फूट काठ होता. खरेदीचा हेतू काही अंशी स्वतः राहण्याचा आणि काही अंशी पुढे विकण्याचा होता, हे न्यायालयापुढे आले आणि त्यात गैर काही नव्हते. १९६४, १९६६ आणि १९६७ या वर्षांत त्यांनी पाच विक्रीव्यवहार केले. विकलेला प्रत्येक तुकडा काठापासून सुमारे ६०० फूट मागे जाणारा होता. शेवटी वादात आलेल्या जमिनीला ३६६.७ फूट काठ उरला होता, म्हणजे बरोबर ९०० फूट काठ त्या पाच व्यवहारांत दुसऱ्यांच्या नावे झाला होता.

उरलेल्या तुकड्याचे निकालपत्रातील वर्णन इतके बारकाईचे आहे की जमीन डोळ्यांपुढे उभी राहते. सरोवरापासून दूरच्या दक्षिण अर्ध्या भागात देवदार, पाइन, बर्च आणि लाल मेपल यांची झाडी होती. पाण्याकडचा उत्तर अर्धा भाग काठावरच्या झाडांची एक रांग सोडली तर उघडा होता आणि त्यात गवत व इतर वनस्पती वाढलेल्या होत्या. अगदी काठावर एक ते तीन फूट रुंदीचा मातीचा उंचवटा होता. हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फाच्या दाबाने काठाची माती वर ढकलली जाते आणि असा नैसर्गिक बांध तयार होतो. त्या बांधामागे जमिनीची पातळी सरोवराच्या पाण्याहून जेमतेम एक ते दोन फूट उंच होती. सरोवराचे पाणी या जमिनीवर येत नसे. पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी मात्र तेथे डबक्यांत साचून राहत असे, आणि जमिनीचा एकंदर उतार सरोवराकडे होता.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. पाणथळ म्हणजे पाण्याखाली गेलेली जमीन, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि तिचा आधार घेऊनच अनेक ठिकाणी भराव टाकले जातात. येथे काठावर उभे राहिलेल्या माणसाला ओले गवत, काही डबकी आणि पलीकडे झाडी एवढेच दिसले असते. पण वरच्या जमिनीवरून वाहत येणारे पाणी अशाच पट्ट्यात मंदावते, त्यातील गाळ तेथे बसतो, आणि खतामातीतून आलेले फॉस्फरससारखे पोषक घटक मुळे शोषून घेतात. हा पट्टा वाळूखाली गेला की तेच पाणी गाळासह थेट सरोवरात उतरते आणि सरोवरात शेवाळ व पाणवनस्पती माजतात.

नियम कसा घडला

विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने १९६५ च्या जलगुणवत्ता कायद्यात सरोवरे आणि नद्यांच्या काठांचा स्वतंत्र विचार केला. नौकानयनास योग्य सरोवर, तळे किंवा बांधाने अडवलेले पाणी यांच्या नेहमीच्या उच्च जलपातळीपासून १,००० फुटांपर्यंतची जमीन, आणि नदी किंवा ओढ्यापासून ३०० फुटांपर्यंतची किंवा पूरमैदानाच्या कडेपर्यंतची (यांतले जे अंतर जास्त असेल ते), ‘काठाची जमीन’ ठरवण्यात आली. प्रत्येक कौंटीने या पट्ट्यासाठी नियम करावेत, ते राज्याच्या किमान निकषांत बसणारे असावेत आणि राज्याच्या खात्याने त्यांना मान्यता द्यावी, असे ठरले. कौंटीने नियम केलेच नाहीत किंवा निकषांत न बसणारे केले, तर राज्याचे खाते त्या कौंटीसाठी स्वतः नियम लागू करू शकत होते.

ही शेवटची तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. काठाच्या जमिनीची विक्री, त्यावरची घरे आणि त्यातून येणारा कर यांत स्थानिक संस्थेचा थेट लाभ असतो, त्यामुळे केवळ तिच्या इच्छेवर सोडलेला नियम कागदावरही उतरत नाही. उलट सर्वच राजधानीतून ठरवायचे म्हटले तर कोणत्या गावाबाहेर कोणती दलदल आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नसते. किमान मर्यादा राज्याने आखायची, तपशील कौंटीने भरायचा आणि कौंटीने टाळाटाळ केली तर राज्याने पुढे यायचे, ही वाटणी त्यामुळे शहाणपणाची होती.

मॅरिनेट कौंटीने आपला २४ क्रमांकाचा नियम १९ सप्टेंबर १९६७ रोजी मंजूर केला आणि तो ९ ऑक्टोबर १९६७ पासून लागू झाला. त्याने काठाच्या जमिनीचे तीन प्रकार केले : सर्वसाधारण, करमणुकीचा आणि संवर्धनाचा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांवर जी काठाची जमीन दलदल म्हणून दाखवली होती, ती संवर्धन विभागात गेली. म्हणजे मालकाला आपली जमीन कोणत्या विभागात आहे हे पाहायला अधिकाऱ्याच्या मर्जीची गरज नव्हती, छापील नकाशा उघडला की ते दिसत होते. पाणथळीची व्याख्याही तशीच तपासता येणारी होती. भूजल वर्षाचा बराचसा काळ पृष्ठभागाशी किंवा पृष्ठभागाच्या जवळ असेल, अथवा तेथील वनस्पतींचा एखादा भाग वनस्पतिशास्त्रज्ञ फॅसेट यांच्या जलवनस्पतींच्या पुस्तिकेनुसार जलीय ठरत असेल, तर ती पाणथळ जमीन. जागेवर जाऊन उपटलेले गवत पुस्तिकेशी ताडून पाहता येईल, अशी ही कसोटी होती.

संवर्धन विभागात सगळे बंद होते असे अजिबात नाही. गवत, बोरवर्गीय फळे आणि बिया गोळा करणे, टिकाऊ पद्धतीने लाकूडतोड, शिकार, मासेमारी, पायवाटा, पाणपक्षी पाळण्यासाठी लागणारी बिगरनिवासी बांधकामे हे सर्व परवान्याशिवाय चालत होते. क्रॅनबेरीची लागवड, बोटींचे धक्के, तळी, आणि दलदल भरणे, आटवणे किंवा उपसणे यांसाठी सशर्त परवाना लागत असे. पाण्यापासून ३०० फुटांच्या आत, पाण्याकडे उतार असलेल्या आणि पाण्याला लागून असलेल्या पाणथळ जमिनीवर ५०० चौरस फुटांपेक्षा जास्त भराव टाकायचा असेल तर परवाना सक्तीचा होता. ५०० चौरस फूट म्हणजे आपल्या मापात अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. परवान्याचे शुल्क २० डॉलर होते आणि उल्लंघनाचा दंड दररोज १० ते २०० डॉलर.

वाळूचा पट्टा

फेब्रुवारी आणि मार्च १९६८ मध्ये, नियम लागू झाल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, मालकाने परवाना न घेता या जमिनीवर वाळू आणून टाकली. निकालपत्रात १,०४० चौरस यार्ड असे माप नोंदवलेले आहे. भराव सुमारे २० फूट रुंदीचा होता. तो नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरू होऊन जवळपास ६०० फूट उत्तरेकडे काठाजवळ गेला आणि तेथून वळून काठाला समांतर, जवळजवळ शेजारच्या हद्दीपर्यंत पोहोचला. बर्फाने केलेल्या बांधापासून मात्र त्याने सुमारे २० फुटांचे अंतर राखले होते.

या आकाराकडे थोडे थांबून पाहायला हवे. मागच्या बाजूने येणारी एक लांब भुजा आणि पाण्यासमोर पसरलेली दुसरी : गाडीरस्ता करून काठावर बांधायला कोरडी जागा तयार करताना भराव नेमका असाच पडतो. नियमभंग झाला हे कोणीच गंभीरपणे नाकारले नाही. पाणथळीवरचा भराव ५०० चौरस फुटांच्या वर होता आणि काठापासून ३०० फुटांच्या आतला भराव २,००० चौरस फुटांच्या वर होता, आणि सौम्य उताराच्या जमिनीसाठी ही दुसरी मर्यादाही नियमात होतीच.

न्यायालयात दोन दावे एकत्र चालले. मालकांचा दावा असा होता की नियम घटनाबाह्य आहे, कारण भरपाई न देता त्यांच्या मालमत्तेचा उपयोगच काढून घेतला गेला. कौंटीचा दावा नियमभंगाबद्दल होता. खालच्या न्यायालयाने नियम वैध ठरवून १०० डॉलर दंड केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुख्य न्यायाधीश हॅरल्ड हॅलोज यांनी लिहिलेल्या निकालाने, दोन्ही बाबतींत कौंटीचे म्हणणे उचलून धरले.

निकालाचा कणा

अमेरिकेच्या घटनेनुसार खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेतली तर भरपाई द्यावी लागते. १९२२ च्या पेनसिल्व्हेनिया कोल प्रकरणात न्यायमूर्ती होम्स यांनी एक इशाराही देऊन ठेवला होता : सार्वजनिक स्थिती सुधारण्याची प्रबळ इच्छा असली, तरी पैसे मोजण्याचा घटनात्मक मार्ग टाळून आडवाटेने ती पुरी करता येत नाही. मालकांची बाजू याच इशाऱ्यावर उभी होती आणि ती कमकुवत नव्हती. तलावाकाठच्या जमिनीवर घर बांधता येत नसेल, तर तिच्या बाजारभावाचा मोठा भाग जातो, हे कोणीही मान्य करील.

न्यायालयाने येथे एक सूक्ष्म पण निर्णायक फरक केला. होम्स यांचा इशारा जनतेला आज नसलेला नवा लाभ मिळवून देण्याबद्दल आहे. शाळेसाठी मैदान हवे असेल तर मैदान विकत घ्यावे लागते. या नियमाने मात्र जनतेला नवे काहीच दिलेले नाही. सरोवराचे स्वच्छ पाणी आणि त्यातील मासे यांवर लोकांचा हक्क आधीपासूनच होता, आणि एका मालकाने जमिनीचे स्वरूप बदलल्याने त्या हक्काला पोहोचणारी इजा नियम थांबवतो. याला जोडूनच निकालातील ते बहुचर्चित विधान येते : जमीन तिच्या नैसर्गिक अवस्थेत ज्या कामासाठी योग्य नाही आणि जे काम इतरांच्या हक्कांना बाधा आणते, त्या कामासाठी तिचे मूळ नैसर्गिक स्वरूप बदलण्याचा अमर्याद हक्क मालकाला नाही.

किमतीच्या युक्तिवादाला न्यायालयाने दिलेले उत्तर मला या निकालातील सर्वांत पक्का भाग वाटतो. जमिनीची किंमत पडली, हे मालकांचे म्हणणे होते. पण पडली ती कोणती किंमत? जमीन जशी आहे तशी विकली तर येणारी किंमत पडलेली नव्हती. भराव टाकून घरासाठी तयार केलेल्या जमिनीची कल्पित किंमत पडली होती, आणि सार्वजनिक हक्कांना इजा करून मिळवायची किंमत भरपाईच्या हिशेबात निर्णायक धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मी त्यात एक भर घालीन. काठावरच्या भूखंडाला भाव येतो तो समोरचे पाणी निर्मळ असते म्हणून, आणि ते निर्मळ राहते ते काठावरच्या बाकीच्या मालकांनी आपापली दलदल जागेवर ठेवली म्हणून. जो भराव टाकतो तो शेजाऱ्यांच्या संयमातून तयार झालेला भाव स्वतःच्या खिशात टाकतो, आणि वर तो न मिळाल्याबद्दल भरपाई मागतो.

दुसरा आधार लोकविश्वस्त सिद्धांताचा होता. नौकानयनास योग्य पाणी सर्वांना कायम खुले राहील, हे १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या (विस्कॉन्सिन ज्यातून घडले त्या प्रदेशाच्या) अध्यादेशातले तत्त्व विस्कॉन्सिनच्या घटनेत उतरलेले आहे. त्यामुळे राज्य हे त्या पाण्याचे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताचे कर्तव्य नौका चालू ठेवण्यापुरते न राहता मासेमारी, करमणूक आणि निसर्गसौंदर्य यांच्या रक्षणापर्यंत जाते, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये मनालीजवळच्या बियास नदीकाठच्या हॉटेलच्या प्रकरणात, म्हणजे ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ मध्ये, हाच सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे ठरवले आणि त्यासाठी अमेरिकी न्यायालयांच्या निर्णयांचा विस्ताराने आधार घेतला.

जे सुटले

निकाल मला योग्य वाटतो, तरी त्यातील एक अडचण झाकून ठेवता येणार नाही. पाच तुकडे विकले गेले ते जवळपास सर्व नियम लागू होण्याआधी. नियमाचा भार पडला तो उरलेल्या सहाव्या तुकड्यावर. याच जमिनीच्या ९०० फूट काठाचे विभाजन कोणत्याही तपासणीविना झाले, आणि ज्याचा काठ शेवटी उरला त्याला दलदल राखायला सांगितले गेले. जो आधी तुकडे पाडतो तो सुटतो, हा धडा जमीनमालक फार लवकर शिकतात. नवा नियम येणार अशी कुणकुण लागताच मोजणी आणि दस्त नोंदणीची घाई सुरू होते ती त्यामुळेच.

यावरचा खरा उपाय भरावाच्या नियमात नसून विभाजनाच्या नियमात आहे, आणि विस्कॉन्सिनच्या काठांविषयीच्या नियमावलीत तो सापडतो. काठाच्या पट्ट्यात पाच वर्षांच्या काळात प्रत्येकी ५ एकर किंवा त्याहून लहान असे तीन किंवा अधिक भूखंड पाडले जात असतील, तर कौंटीने त्या विभाजनाची तपासणी केलीच पाहिजे. आरोग्य व सुरक्षिततेला धोका आहे का, पावसाच्या पाण्याचा निचरा कसा होणार, पाण्यापर्यंत लोकांना कायद्याने द्यायची वाट राहते का, हे त्या वेळी पाहायचे असते. राज्याच्या सर्वसाधारण भूखंड कायद्यात हीच मर्यादा बरीच सैल आहे : तेथे दीड एकर किंवा कमी क्षेत्राचे पाच तुकडे झाल्यावर ते ‘उपविभाजन’ ठरते.

दोन मर्यादांमधला फरक या प्रकरणावर लावून पाहावा. विकलेला ९०० फूट काठ आणि सुमारे ६०० फूट खोली धरली तर पाच तुकड्यांचे सरासरी क्षेत्र अडीच एकरांच्या आसपास येते. दीड एकराच्या मर्यादेखालून असे तुकडे सहज निसटतात. पाच एकरांच्या मर्यादेत मात्र ते सापडले असते, आणि सर्व विक्री चार वर्षांच्या आत झाली असल्यामुळे तिसऱ्या तुकड्याच्या वेळीच संपूर्ण काठाचा नकाशा कौंटीच्या टेबलावर आला असता. तेव्हा उंच, झाडीच्या भागात घरे एकत्र ठेवून दलदलीचा पट्टा सामाईक राखा, असे म्हणायला जागा होती. सहा वेगवेगळे मालक झाल्यावर ती जागा उरत नाही. पाच वर्षांची गणना यासाठीच मोलाची आहे, कारण एकेक तुकडा वेगळा काढून नियम चुकवण्याची वाट ती बंद करते.

भूखंडाच्या किमान आकाराचा निकषही समजून घेण्यासारखा आहे. राज्याच्या नियमावलीनुसार मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या काठावरच्या भूखंडाला किमान २०,००० चौरस फूट क्षेत्र आणि १०० फूट रुंदी लागते, तर वाहिनी असेल तेथे १०,००० चौरस फूट आणि ६५ फूट पुरते. २०,००० चौरस फूट म्हणजे आपले सुमारे अठरा गुंठे. हा फरक शोषखड्ड्यामुळे आहे, कारण घरातले सांडपाणी सरोवरापर्यंत झिरपण्याआधी गाळले जायला पुरेशी माती लागते. बांधकाम उच्च जलरेषेपासून ७५ फूट मागे ठेवायचे आणि काठालगतच्या ३५ फुटांत झाडझाडोरा राखायचा, हे त्याला जोडून येते. १०० फूट रुंदीचा निकष लावला तर वादातल्या ३६६.७ फुटांत कागदावर तीन भूखंड बसतात, आणि तिघांनाही आपापल्या घरापर्यंत कोरडी वाट हवी असती.

आणखी एक गोष्ट अपुरी राहिली. परवाना न घेताच भराव टाकला गेल्यामुळे, परवाना मागितला असता तर तो कोणत्या अटींवर मिळाला असता, हा प्रश्न तपासलाच गेला नाही. मागच्या बाजूच्या झाडीतून घरापर्यंत मर्यादित वाट मिळाली असती का? सशर्त परवान्याची खरी कसोटी अशाच प्रश्नावर लागते, आणि त्याचे उत्तर मिळाले असते तर हे प्रकरण इतर कौंट्यांना अधिक उपयोगी पडले असते.

पुढची वळणे

हा निकाल पुढे जसाच्या तसा टिकला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण कॅरोलायनातील किनाऱ्यावरच्या दोन भूखंडांबाबत, म्हणजे लुकास प्रकरणात, असे ठरवले की नियमाने जमिनीचा सर्व आर्थिक उपयोग काढून घेतला तर, राज्याच्या मूळ मालमत्ता कायद्यातच तसा निर्बंध नसेल तेव्हा, भरपाई द्यावी लागेल. इजा टाळणे आणि लाभ मिळवणे यांतील रेघ तितकी स्पष्ट नसते, अशी टीकाही त्यात होती. तरीही १९९६ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉकेशा शहरातील १०.४ एकर जमिनीपैकी ८.२ एकर संवर्धन विभागात टाकण्याचा निर्णय वैध ठरवला, कारण उरलेल्या भागासह संपूर्ण जमिनीचा विचार करायला हवा. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने कोश्कोनाँग सरोवराच्या प्रकरणात लोकविश्वस्त सिद्धांत उच्च जलरेषेच्या आतच ठेवला. रेषेबाहेरच्या पाणथळ जमिनीसाठी राज्याला आपल्या सर्वसाधारण नियमन अधिकारावर विसंबावे लागेल, असा त्याचा अर्थ झाला. २०१५ मध्ये विधिमंडळाने कौंट्यांना राज्याच्या निकषांहून कडक नियम करायला मनाई केली. राज्याची किमान मर्यादा त्यामुळे कमाल मर्यादाही झाली. १९६५ च्या रचनेत कौंटीला आपल्या सरोवराच्या गरजेनुसार पुढे जाण्याची जी मोकळीक होती ती गेली, आणि माझ्या मते या पन्नास वर्षांतील हा सर्वांत मोठा तोटा आहे.

२०१७ चे ‘मर विरुद्ध विस्कॉन्सिन’ हे प्रकरण तर विभाजनाविषयीच होते. सेंट क्रॉय नदी जेथे रुंद होऊन सरोवरासारखी पसरते तेथे एका कुटुंबाचे दोन लागून असलेले भूखंड होते. प्रत्येक सुमारे सव्वा एकराचा असला तरी कड्यामुळे बांधण्याजोगी जागा एका एकराहून कमी होती, आणि अशा वेळी एकाच मालकीचे लगतचे भूखंड वेगळे विकता येणार नाहीत असा नियम होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी दोन्ही भूखंड मिळून एकच जमीन धरली. एकत्रित मूल्य ६,९८,३०० डॉलर आणि स्वतंत्र धरल्यास ७,७१,००० डॉलर, म्हणजे घट दहा टक्क्यांच्या आत होती, हेही त्यांनी पाहिले. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलून अशी विक्री मोकळी केली.

आपल्याकडची स्थिती

महाराष्ट्रात जमिनीचे तुकडे पाडण्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने आळा घातला, पण त्यामागचा विचार शेती परवडण्याचा होता. २०२३ मध्ये ठरवलेली जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही प्रमाणभूत क्षेत्रे तलावापासूनच्या अंतराचा काही विचार करत नाहीत, त्यामुळे एखाद्या पाणवठ्याकाठची जमीन आणि माळावरची जमीन या मापात सारखीच ठरते. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांत ते लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत कायम बांधकामाला बंदी आहे, आणि भराव किंवा अन्य वापरासाठी रूपांतराला मनाई आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येत येत नाहीत. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत असलेले नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याने बनलेले असूनही त्या दर्जामुळे संरक्षित आहे. पवना किंवा पानशेतसारख्या धरणांच्या काठावर, जेथे प्लॉट पाडण्याची घाई सर्वांत जास्त आहे, हा ५० मीटरचा नियम लागू पडत नाही.

अंतर वाढवण्याचा एक प्रयत्न बंगळुरूत झाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तेथील तलावांभोवती ७५ मीटरचा राखीव पट्टा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो भाग रद्द केला, कारण कायद्याने मंजूर झालेल्या विकास आराखड्यातील अंतरे लवादाला बदलता येत नाहीत. मॅरिनेटमध्ये अंतर, नकाशा आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी नियमातच लिहिलेल्या होत्या, आणि न्यायालयाला फक्त त्यांची वैधता तपासायची होती. आपल्याकडे पाणथळीचा नकाशा एका खात्याकडे, गाव नकाशा आणि सातबारा दुसऱ्याकडे, ले-आउटची मंजुरी तिसऱ्याकडे अशी विभागणी आहे. खरेदीदार पाहतो तो सातबारा, आणि त्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पाणथळीच्या पट्ट्याची नोंद सहसा नसते. ती नोंद घालणे, आणि काठापासून ठरावीक अंतरात पाच वर्षांत तिसरा तुकडा पाडायचा अर्ज आला की मोजणीपूर्वीच संपूर्ण मूळ गटाची तपासणी करणे, या दोन गोष्टी राज्याच्या नियमावलीत घालता येण्याजोग्या आहेत. विकत घेण्याआधीच अट दिसली की पुढे भरपाईचा वाद उभा राहायलाही फारशी जागा राहत नाही.